राष्ट्राध्यक्ष निवडायच्या आधी घेतलेलं माप

उघड्या गाडीत उभ्या राहणाऱ्या माणसाने हात कुठे ठेवावा, या एका प्रश्नावर मी सव्वीस वर्षं पगार घेतला. हसू नका. मिरवणुकीची गाडी बनवताना इंजिन, चाकं, रंग या सगळ्या गोष्टी आयत्या येतात. आमच्याकडे उरतो तो हाच प्रश्न.

जर्मनीत नेकारसुल्म गावाच्या बाहेर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी आमची चाळीस माणसांची कंपनी होती. मोठ्या कारखान्यांतून तयार झालेल्या गाड्या आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्या कापायचो. छप्पर काढायचं, गाडीच्या मागच्या भागाची जमीन खाली घ्यायची, समोर धरायला दांडी बसवायची. अशी गाडी दोन-तीन तास माणसाच्या चालीने चालते. त्या वेगाला चांगल्या इंजिनाचाही जीव कासावीस होतो, म्हणून पंखे वाढवायचे. ब्रेक असा जुळवायचा की उभा माणूस पुढे झुकता कामा नये. आणि ती दांडी बेंबीच्या जरा खाली यायला हवी. त्याहून खाली असली तर माणूस तोल जाऊन पलीकडे पडतो, वर असली तर तिला लटकतो आणि हात हलवू शकत नाही. मिरवणुकीत हात हलवता आला नाही तर गाडीत उभं राहायचंच कशाला?

म्हणून ही गाडी शिंपीकामासारखी असते. एका माणसाचं माप घेऊन त्याच्यासाठीच ती शिवायची. मापाचं एक पत्रक असतं, मासब्लाट. त्यावर उंची, कोपर, कंबर, बुटांची टाच, खाली ज्याचं माप घेतलं त्याची सही आणि शेवटी जबाबदार इंजिनियरची सही, म्हणजे फ्राइगाबे. ती झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. बुटांच्या टाचेची ओळ माझी भर. जवळच्या गावातल्या कार्निवलच्या राजपुत्राने माप घरच्या सपातांवर दिलं आणि मिरवणुकीत टाचांचे बूट घालून आला. चॉकलेटं उधळता उधळता तो स्वतःच दांडीवरून उधळला. खाली बँडवाल्यांचा ढोल होता म्हणून वाचला.

माझी स्वतःची उंची पाच फूट एक इंच. पुण्यात इंजिनियर झाले तेव्हा वर्कशॉपमधल्या लेथसमोर उभं राहायला मला खोकं लागायचं, आणि जर्मनीत आल्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी पाट. जगातली प्रत्येक वस्तू कुणातरी उंच पुरुषाला समोर ठेवून बनवलेली असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या मालकांना, श्रीयुत ब्रेण्डले यांना, माझा हा दृष्टिकोन कामाचा वाटायचा. "फ्राउ योगलेकर तक्रार करते तिथे खरंच काहीतरी असतं," असं ते ग्राहकांना कौतुकाने सांगायचे. जोगळेकरचं योगलेकर झालं त्याबद्दल मी तक्रार केली नव्हती.

मग ती ऑर्डर आली. देशाचं नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलं आहे. लांबचा, डोंगराळ, समुद्रकाठचा देश. बरीच वर्षं लढून तो नुकताच स्वतंत्र झाला होता. राज्यघटना लिहिणारी सभाच पहिला राष्ट्राध्यक्ष निवडणार होती, आणि शपथेनंतर त्याची उघड्या गाडीतून मिरवणूक. ऑर्डर घेऊन एक कर्नल आले होते. उमदा माणूस. कॉफी घेता घेता त्यांनी आम्हाला त्यांच्याकडची रीत सांगितली. गावाचा मुखिया निवडला की तो गल्लीगल्लीतून फिरतो. ज्याने त्याचा चेहरा पाहिला तो आपल्या पापणीला बोट लावतो. म्हणजे, पाहिला, मान्य आहे. ज्याला चेहरा दिसलाच नाही त्याच्यावर मुखियाचा शब्द बंधनकारक नाही.

"म्हणून गाडी उघडी हवी," कर्नल म्हणाले, "आणि राष्ट्राध्यक्ष उभे. कुणी असं म्हणता कामा नये की मला दिसले नाहीत."

मला ही रीत फार आवडली. मग त्यांनी बॅगेतून मासब्लाट काढलं. भरलेलं, सही केलेलं, शिक्क्यासकट. उंची एक मीटर एक्याण्णव.

मी विचारलं, "निवड झाली?"

"दहा आठवड्यांनी आहे."

"मग हे माप कुणाचं?"

"जनरलसाहेबांचं. लढाई त्यांनीच जिंकली. दुसरं कोण होणार? निवड ही औपचारिकता आहे."

सहीखाली हुद्दा लिहिला होता: राष्ट्राध्यक्ष. बाजारात तुरी म्हणतात ते हेच! मी पत्रक ब्रेण्डल्यांकडे सरकवलं आणि म्हटलं, या कागदावर मी फ्राइगाबे देणार नाही.

ब्रेण्डले आधी हसले. त्यांना वाटलं, मला एखादा आकडा चुकीचा वाटतोय. आकडे बरोबर आहेत, माणूस अस्तित्वात नाही, हे मी समजावल्यावर त्यांचा चेहरा आकसला. "आल्झो, हे बघा, फ्राउ योगलेकर. सही आहे. शिक्का आहे. गेनाऊ, नेमकं हेच आपल्याला लागतं. आपण गाड्या बनवतो, सरकारं नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. "म्हणूनच."

कर्नलना राग आला होता. "तुमचं म्हणणं, जनरल हरतील?"

"माझं काहीच म्हणणं नाही. मला तुमच्या देशात मत नाही. म्हणून माझ्या गाडीनेही मत द्यायचं नाही."

हे मी बोलून गेले आणि माझंच मला लागलं. माझ्याकडे तेव्हाही भारतीय पासपोर्ट होता. जर्मनीत मत देता येत नव्हतं, आणि भारतात मतदानाच्या दिवशी मी कधीच नसायचे. चोवीस वर्षांत मी कुठेही, कशालाही मत दिलं नव्हतं. आमच्या गावच्या महापौराच्या निवडणुकीत शेजारीण चिठ्ठी घेऊन निघायची आणि मी खिडकीतून तिला हात करायचे. ज्याला मत असतं त्याला निवडणूक ही औपचारिकता वाटू शकते. मला नाही वाटत, आणि त्या दिवशी तर मुळीच वाटली नाही.

मी तोडगाही दिला. मागची जमीन आहे तशी ठेवू, आणि त्यावर बसवायला वेगवेगळ्या उंचीचे पाट करून ठेवू. निवडून येईल त्याच्या मापाचा पाट बोल्टने आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. ब्रेण्डल्यांना यात तंत्राची चूक सापडेना, पण कर्नलना तो जनरलचा अपमान वाटत होता. ग्राहकासमोर ब्रेण्डल्यांनी मला नाही म्हटलं, आणि कर्नल गेल्यावर दार लावून विचारलं, "सही करणार की केलरला करायला सांगू?"

"सांगा."

केलर माझ्याच विभागातला दुसरा इंजिनियर. त्याने केली. बिचारा मान खाली घालून. मला मिळाली आबमानुंग, म्हणजे लेखी समज. जर्मनीत ती तुमच्या फाइलमध्ये बसते, आणि दुसरी-तिसरी आली की तुमची नोकरी टांगणीला लागते. मी अठ्ठावन्नची होते. या वयात, या विचित्र कामाची दुसरी नोकरी मला कोण देणार होतं?

घरी नवऱ्याला सांगितलं. ते श्टुटगार्टला सॉफ्टवेअरमध्ये, जन्मभर शांत.

"अहो, मला आबमानुंग मिळाली."

"कशाबद्दल?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "वसुधा, जनरलच निवडून येणार गं. शंभर टक्के. मग तू एवढं कशाला ताणतेस?"

"येऊ देत ना. पण आधी येऊ देत."

आमची लेक ईरा त्या आठवड्यात घरी होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "मामा, डू श्पिन्स्ट," ती म्हणाली, म्हणजे आई, तुझं डोकं फिरलंय. मग उठून मला घट्ट धरून बसली.

गाडी जनरलच्या मापाने तयार झाली आणि देखणी झाली, हे कबूल करते. दांडी एकशे बारा सेंटिमीटरवर. पण मी एका शनिवारी जाऊन उरलेल्या चेकर्ड प्लेटचे, म्हणजे पाय न घसरणाऱ्या खडबडीत पत्र्याचे, दोन पाट बनवले, एक पंधरा सेंटिमीटरचा, एक पंचवीसचा. मागचं बाक अडकवायला गाडीच्या जमिनीत बोल्टची चार भोकं होतीच, त्यांत बसतील असे. सुट्या भागांच्या पेटीत ठेवले आणि यादीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: पाट, दोन नग. लपवलं काहीच नाही. ब्रेण्डले प्रत्येक पानावर सही करायचे, पण वाचायचे फक्त पहिलं. गाडीबरोबर कुणीतरी जायला हवं होतं. चार लसी आणि दोन विमानं बदलायची म्हटल्यावर कुणी हात वर करेना. मी केला.

सभा राजधानीतल्या एका शाळेच्या सभागृहात भरली होती. गाडी मागच्या शेडमध्ये, आणि गाडीपाशी मी आणि ड्रायव्हर एलियास. नियमाप्रमाणे निदान दोन नावं हवी होती. दुसरं नाव जनरलच्याच माणसांनी शोधलं होतं: राजधानीच्या इस्पितळातल्या मेट्रन. साठीच्या, ठेंगण्या, राजकारणात शून्य. कुणाला धोका वाटू नये म्हणून निवडलेल्या. मतदान गुप्त नको, उघड हवं, असाही जनरलच्या माणसांचाच आग्रह. प्रत्येक सभासदाने उठून मायक्रोफोनवर नाव घ्यायचं, आणि मैदानातल्या कर्ण्यांवरून ते सगळ्या गावाने ऐकायचं. तोंडावर जनरलला नाही म्हणायची कुणाची छाती होणार? हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते मी त्या दुपारी शेडमध्ये उभी राहून ऐकलं.

एलियासने मोजायला वॉशर घेतले आणि बॉनेटवर दोन रांगा मांडायला लागला. माझ्या बॉनेटवर! आधी फडकं घाल म्हटलं. पहिले दहा-बारा वॉशर जनरलच्याच रांगेत गेले. मग डोंगरातल्या कुठल्याशा सभासदाचा म्हातारा आवाज आला. एलियास भाषांतर करत होता: "माझी तीन मुलं जिच्या हातावर जन्मली आणि एक जिच्या मांडीवर गेला, तिचं नाव घेतो." मैदानातून असा आवाज उठला की शेडचे पत्रे वाजले. नंतर एकेक जण उठून आपलं कारण सांगायलाच लागला. कुणाचा पाय वाचवला होता, कुणाच्या आईला लढाईत पाणी पाजलं होतं. त्या इस्पितळात दोन्ही बाजूंची माणसं येऊन गेली होती. शेवटी मेट्रनबाईंच्या रांगेत पाच वॉशर जास्त होते. एलियास शेडच्या दारात बसून रडत होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

तासाभराने कर्नल आले. चेहरा उतरलेला, पण इस्त्री कायम. "गाडी परत पॅक करा. उद्या त्या बंद गाडीतून जातील."

"का?"

"एक मीटर अठ्ठेचाळीस आहेत त्या. तुमची दांडी त्यांच्या काखेपर्यंत येईल. लोक हसतील."

"आणि बंद गाडीतून गेल्या तर? ज्याने चेहरा पाहिला नाही त्याच्यावर शब्द बंधनकारक नाही. तुम्हीच सांगितलंत, माझ्या ऑफिसात, माझी कॉफी पिऊन. परवा जनरलची सगळी वस्ती म्हणेल, आम्हाला कुणी दिसलंच नाही. तुम्हाला तेच हवंय का?"

त्यांना तेच हवं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी पेटी उघडली आणि पाट काढून जमिनीवर ठेवले.

"हे मंजूर नकाशात नाहीत," ते म्हणाले.

"यादीत आहेत. गाडी ताब्यात घेताना तुम्हीच तिच्यावर सही केलीत."

मग बाहेर एक जुनी इस्पितळाची गाडी थांबली आणि मेट्रनबाई स्वतः आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की गाडीवरून वाद चाललाय. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. एकवीस वर्षांत एकाही ग्राहकाकडे मला खाली पाहावं लागलं नव्हतं. त्या हसल्या, मीही हसले. त्यांना आधी पाटाशिवाय उभं केलं. दांडी खरंच काखेशी, लहान मूल गॅलरीतून डोकावतं तशा दिसत होत्या. मग पंचवीसचा पाट आवळला. त्या चढल्या, दांडी धरली, एक हात सोडला, वर केला.

"उद्या पायात काय असेल?" मी विचारलं.

"हेच." इस्पितळातले रबरी तळव्यांचे बूट. मी टाच मोजली.

मासब्लाट नव्याने भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. सहीच्या जागी छापलेलं होतं: राष्ट्राध्यक्ष. त्यांनी पेन परत दिलं. "मी उद्या दहा वाजेपर्यंत मेट्रन आहे. शपथेआधी इथे सही केली तर ती खोटी होईल."

कर्नल जमिनीकडे बघत होते. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी कळलं की आता माझी पंचाईत झाली. ग्राहकाची सही नाही, म्हणजे फ्राइगाबे नाही. ब्रेण्डल्यांना फोन लावला.

"नाइन," ते म्हणाले. "बंद गाडी वापरू द्या. मंजूर नसलेल्या फळीवर एक राष्ट्राध्यक्ष उभी करायची आणि ती पडली, तर कंपनी बुडेल. फ्राउ योगलेकर, तुम्ही सही केलीत तर ती तुमची एकटीची. ऐकताय ना?"

"हो, ऐकतेय," म्हटलं, आणि फोन ठेवून सही केली. मग एलियासला त्या पाटावर उड्या मारायला लावल्या. नव्वद किलोचा गडी. पाट हलला नाही.

दुसऱ्या दिवशी शपथ झाली. एका वृद्ध न्यायमूर्तींनी ती दिली, आणि मेट्रनबाईंनी हुंदका न काढता, जरा घाईने, इस्पितळात सूचना देतात तशा आवाजात घेतली. तोफा नव्हत्या, शाळेची घंटा वाजवली. मग त्या गाडीत चढल्या.

अशा वेळी आमचं काम डाव्या मागच्या चाकाजवळून चालायचं असतं. पंख्याचा आवाज ऐकायचा, बोल्टवर नजर ठेवायची. त्यामुळे त्या ऐतिहासिक मिरवणुकीतल्या राष्ट्राध्यक्ष मी पाहिल्याच नाहीत. पाहिले ते चार बोल्ट आणि दोन रबरी बूट. पण लोक दिसत होते. दोन्ही बाजूंनी हात पापण्यांकडे जात होते. म्हाताऱ्या, शाळकरी मुली, कुबड्या घेतलेले सैनिक. कडेवरच्या एका बाळाचं बोट त्याच्या आईने त्याच्या पापणीला लावलं.

मग जनरलची वस्ती आली. तिथे माणसं होती, पण हात खाली. एलियासने वेग वाढवला नाही, तसं मी बजावलं होतं. जनरल आपल्या फाटकाशी उभे होते. गणवेशात, एक मीटर एक्याण्णव, आणि गाडीच्या उंचीमुळे त्यांना मान वर करून बघावं लागत होतं. वर पाटावरचे बूट थोडे वळले. त्या त्यांच्याकडे वळल्या होत्या. जनरल बघत राहिले. माझ्या शेजारून चालणाऱ्या कर्नलांचा श्वास मला ऐकू येत होता. मग कपाळावर आठ्या तशाच ठेवून जनरलनी बोट उचललं आणि पापणीला लावलं. त्यानंतर त्या गल्लीत हात वर जायला लागले.

परत आल्यावर दुसरी आबमानुंग तयारच होती. ब्रेण्डले म्हणाले, "पत्रक अपूर्ण आहे. ग्राहकाची सही नाही."

"ग्राहक शपथ घेण्यात गुंतला होता," मी म्हटलं.

त्यांनी मला गाड्यांवरून काढलं. शेवटची पाच वर्षं मी सूचनापुस्तिका लिहिल्या, पंखा कसा साफ करावा वगैरे. ब्रेण्डल्यांबरोबरची सकाळची कॉफी बंद झाली, याचं वाईट वाटतं. माणूस वाईट नव्हता, आणि कंपनीतल्या चाळीस घरांची काळजी त्याला होती, मला तेव्हा ती नव्हती. त्या देशाचं पुढे सगळं छान झालं असंही नाही. वर्तमानपत्रात बातमी दिसली की मी आधी शेवटची ओळ वाचते. मेट्रनबाईंनी आपली मुदत पुरी केली आणि ठरल्या दिवशी खुर्ची सोडली, एवढं मला माहीत आहे.

निवृत्तीच्या दिवशी ब्रेण्डल्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझी फाइल होती. त्यांनी त्यातली दोन्ही पत्रं काढून बाजूला ठेवली. "ही मी फाडून टाकतो. सव्वीस वर्षांच्या कामात ही दोनच. बरं दिसत नाही."

मला त्यांचा चांगुलपणा कळत होता. पण मी ती पत्रं उचलली आणि परत फाइलमध्ये, होती त्याच जागी लावली.

"राहू द्या. बाकी सगळं केलर करू शकला असता. माझं काम एवढंच आहे, ही दोन पत्रं."

त्यांनी फाइलवर बोट टेकवलं. "आज तेच पत्रक समोर आलं तर? जनरलचं?"

"आजही नाही," मी म्हटलं आणि फाइल बंद केली.